धाकटीची पार्सलं आणि माझ्या गऱ्या

आठवड्यातून दोनदा तरी आमच्या फाटकाशी डिलिव्हरीवाल्याची मोटरसायकल थांबते आणि माझी धाकटी जाऊ हातातलं काम टाकून अंगणात धावते. परत येते ती खाकी खोका छातीशी धरून. मग सासूबाई जपमाळ बाजूला ठेवतात, सासरे पडवीतून मान लांब करून बघतात, आणि ओट्यावर कात्रीने चिकटपट्टी कापायचा सोहळा होतो. मी तेव्हा बहुतेक वेळा गॅसकडे तोंड करून उभी असते. आमटीला तेवढ्यात काही होत नसतं, पण मी ती ढवळत राहते.

काय काय आलं म्हणून सांगू! दोरी ओढली की कांदा बारीक करणारा डबा आला. उरलेल्या भाजीच्या वाटीवर ताणून बसवायची रबरी झाकणं आली. न्हाणीघरात माणूस शिरला की आपोआप पेटणारा दिवा आला, आणि पहिल्या दिवशी तो पेटला तेव्हा सासूबाईंनी त्याला नमस्कार केला. भिंतीला खिळा न मारता चिकटणारे हूक आले. आमची भिंत चिऱ्याची, वर जुना गिलावा. हूक दोन दिवसांत गिलाव्यासकट खाली आले. मला त्या दिवशी जेवण जरा जास्त गेलं.

सरळच सांगते, मला तिचा हेवा वाटतो. वस्तूंचा नाही. वस्तू काय, फोन माझ्याकडेही आहे आणि बोट मलाही आहे. मला हेवा वाटतो तो त्या खोक्याभोवती जमणाऱ्या घोळक्याचा. मी या घरात आले तेव्हापासून रोज पहाटे उठून जे करते त्याभोवती कधी कुणी जमलं नाही.

ती देवरूखची. डोंगराकडची, नदीच्या माशांवर वाढलेली. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिराशी लग्न होऊन रत्नागिरीत आली. दीर बोटीवर असतात, एकदा गेले की सहा-सात महिने घरी नाहीत. माझं माहेर मात्र खाडीकाठचं. पाण्यावर पोट असलेलं घर ते. बांगडा आणि सुरमई यांतला फरक मला बोलता येण्याआधी कळत होता असं माझी आई सांगायची. त्यामुळे या घरातलं माशांचं खातं आपलंच, असं मी पहिल्यापासून धरून चालले होते. जेट्टीवरून पिशवी आली की ती माझ्या हातात यायची. धाकटी आली तेव्हा तिला कोळंबीचा धागा काढायचा असतो हेही माहीत नव्हतं. मी तिला शिकवलं, चारचौघांत शिकवलं आणि शिकवताना मला फार बरं वाटलं.

मग आली नारळाची खवणी. आमच्याकडे नारळ खवायचा तो विळीवर बसून, एक पाय पाटावर दाबून. ही नवी खवणी ओट्याला चिकटून बसते, आणि हँडल फिरवलं की आतून चव निघत जातो. धाकटीने उभ्या उभ्या एक वाटी फिरवली आणि ताटलीत पांढराशुभ्र चव पडला. सासूबाईंनी तो चिमटीत घेऊन उजेडात धरला.

"बघ गो," त्या मला म्हणाल्या, "करवंटीचा एक काळा कण नाय."

म्हणजे माझ्या चवात इतकी वर्षं काळे कण होते, आणि त्यांनी ते मोजून ठेवले होते. अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशीची सोलकढी मी मुद्दाम विळीवर खवलेल्या नारळाची केली आणि रस दोनदा गाळून घेतला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

माशांच्या खात्यातही तिने पार्सलातूनच पाऊल टाकलं. खवलं काढायचा एक ब्रश आला, त्याला पाठीमागे डबी. घासत गेलं की खवलं डबीत जमा होतात, ओट्यावर, केसांत, भिंतीवर उडत नाहीत. त्याच सुमारास शिंगाळा साफ करताना त्याचा काटा माझ्या तळहातात घुसला. शिंगाळ्याचा काटा ज्याला लागलाय त्यालाच ती ठणक माहीत. हात मनगटापर्यंत सुजला, मी गरम पाण्यात बुडवून बसले. तीन-चार दिवसांनी खोका आला आणि त्यातून करड्या रंगाचा, जाड विणीचा एक हातमोजा निघाला. सुरीही त्याला कापत नाही म्हणे.

"ताई, तुमच्यासाठी," ती म्हणाली.

मी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि फ्रिजवर ठेवला. हातमोजा घालून शिंगाळा कापायचा? माझ्या माहेरी कळलं तर पोट धरून हसतील. शिवाय त्या भेटीत मला टोमणा दिसला: तुमच्याच्याने आता होत नाही, असा. तो हातमोजा फ्रिजवर तसाच पडून राहिला, त्यावर लाइटची बिलं आणि रबरबँड जमत गेले.

इथपर्यंतचं सगळं मी गिळलं असतं. जावांमध्ये असं चालतंच, घराघरात चालतं. पण एक गोष्ट अशी होती की ती माझी एकटीची होती, आणि तिच्यावर तिने हात घातला.

आमचे सासरे जन्मभर बोटीवर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचा एकच नाद, गरवणं. खाडीच्या तोंडाशी जुना धक्का आहे, भरतीची वेळ बघून तिथे जाऊन बसतात. हातात काठी नाही, रीळ नाही. लाकडी फळीला गुंडाळलेला नायलॉनचा दोर, ज्याला आम्ही तंगूस म्हणतो, खाली शिसं आणि टोकाला गरी, म्हणजे गळाचा आकडा. कधी पालू मिळते, कधी शिंगाळा, कधी काहीच नाही. काहीच नाही मिळालं तरी येताना चेहरा तोच.

मी त्यांना मामंजी म्हणते. आता असं कुणी म्हणत नाही, पण मला लग्नात तसंच शिकवलं होतं. धाकटी त्यांना सरळ 'बाबा' म्हणते, आणि ते 'ओ' देतात. याचाही मला राग आहे, तो इथेच सांगून टाकते.

तर मामंजी धक्क्यावर जायच्या आदल्या संध्याकाळी पडवीत बसायचे, समोर गऱ्यांची डबी, तंगुसाचं भेंडोळं. आणि आत हाक यायची, "कोण हाय गो आत?"

नाव घेऊन कधी हाक नाही. त्या हाकेला जायचे ते मीच. आत दुसरं होतं कोण? सासूबाई त्यांच्या हाकेला उठत नाहीत, ते दोघांचंही ठरलेलं आहे. मी हात पुसत पडवीत यायचे. ते गरी आणि तंगूस माझ्यापुढे करायचे आणि म्हणायचे, "बांध जरा. मला भोक दिसत नाय."

गरीच्या डोक्याला सुईसारखं बारीक नेढं असतं. त्यातून तंगूस ओवायचा, त्याच्याच भोवती फेरे द्यायचे, टोक मागे फिरवून पहिल्या फटीतून काढायचं आणि ओढायचं. पण ओढण्याआधी गाठ तोंडात धरून ओली करायची. कोरडी ओढली तर तंगूस घासून भाजतो, बघायला गाठ छान दिसते आणि मासा लागला की सुटते. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. ते होडीच्या काठावर बसून गऱ्या बांधायचे, आणि थुंकी लावायची पाळी आली की गरी माझ्या तोंडापुढे धरायचे. "तुझी थुंकी गोड, मासा लागेल," म्हणायचे. माझ्या लग्नाला दोन महिने झाले न झाले तोच ते गेले. त्यांच्याकडून मला काय आलं असं कुणी विचारलं तर मी ही गाठ दाखवेन.

मामंजींबरोबर ती संध्याकाळची पंधरा-वीस मिनिटं बसायचं. मी बांधायचे, ते बोलायचे. कुठल्या बंदरात काय खाल्लं, कुठल्या कॅप्टनला पोहता येत नव्हतं. मीही बोलायचे. नवऱ्याजवळ जे बोलले नाही ते मी त्या पडवीत गऱ्या बांधता बांधता बोलले आहे. आणि दुसऱ्या दिवशी ते मासा घेऊन आले की दारातूनच ओरडायचे, "तुझ्या गाठीचा हाय!" त्या एका वाक्यावर मी आठवडा काढायचे.

मग या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, एक छोटंसं पार्सल आलं. काडेपेटीएवढं. त्यातून निघालं एक प्लॅस्टिकचं, पेनासारखं काहीतरी, एका टोकाला बारीक आकडा. गरीला गाठ मारायचं यंत्र! गरी एका खाचेत अडकवायची, तंगूस आकड्यात, आणि गरागरा फिरवायचं. फोनवर त्याचा व्हिडिओ होता. धाकटी तो मामंजींना दाखवत होती, ते चष्मा कपाळावर चढवून बघत होते.

"बाबा, आता तुम्हाला कुणाची वाट बघायला नको," ती म्हणाली.

हे 'कुणाची' म्हणजे कोण, ते मला पाठमोरीला बरोबर कळलं.

मामंजींनी यंत्र हातात घेतलं, दोनदा फिरवलं, तंगुसाचा गुंता केला. "जमत नाय गो मला हे," ते म्हणाले. "तूच कर."

आणि ती बसली. माझ्या जागेवर, खांबाला टेकून, मांडी घालून. त्या दिवसापासून हाक यायची, "कोण हाय गो आत?" आणि मी हात पुसेपर्यंत ती दार ओलांडून गेलेली असायची. यंत्र तिचं ना! मला कुठल्या तोंडाने म्हणता येणार होतं की यंत्र ठेव, मी आहे? मी आत राहायचे. पडवीतून त्यांचा आवाज यायचा, तीच बंदरं, तोच पोहता न येणारा कॅप्टन. माझ्या गोष्टी तिला सांगत होते! ती हसायची. देवरूखच्या गोष्टी सांगायची, सोळजाईच्या जत्रेच्या, नदीत आंघोळीला जायच्या. मला वाटायचं, ताट आपटावं. एकदोनदा आपटलंही. सासूबाई म्हणाल्या, "हळू गो, नवीन हायत."

नवऱ्याला मी रात्री म्हटलं, "तुमच्या वडिलांना आता माझी गरज नाही." तो म्हणाला, "बरं झालं की, तुझं एक काम कमी झालं." त्याच्याशी मी चार दिवस धड बोलले नाही. ते त्याच्या ध्यानातही आलं नसावं.

एका रविवारी मामंजी सकाळचं खाऊन धक्क्यावर गेले. नंतर मी पडवी झाडायला आले तर कोनाड्यात गऱ्यांची डबी. धाकटीने आदल्या संध्याकाळी यंत्रावर बांधून ठेवलेल्या गऱ्या, एकेक कागदाला टोचून, नीट. ते डबी विसरले होते. फळीला लावलेली एकच गरी बरोबर गेली होती.

माझा आनंद काय सांगू! विसरले. तिच्या हातच्या गऱ्या विसरले. माझ्या कधी विसरले नव्हते. ती न्हाणीघरात होती, नळ चालू होता. डबी उचलून धक्क्यावर पोचती करणं एवढंच करायचं होतं. मी डबी जिथे होती तिथेच ठेवली, आत गेले, खोबऱ्याच्या जुन्या डब्यातून माझ्याकडे राहिलेल्या गऱ्या काढल्या आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चार बांधल्या. थुंकी लावून, नीट ओढून, दाताने टोकं तोडून. वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळल्या आणि चप्पल घालून निघाले. काय बोलायचं तेही वाटेत ठरवलं: 'डबी दिसली नाही मला, म्हणून मीच पटकन बांधून आणल्या.' आणि ते म्हणतील, 'ही खरी गाठ.' तिथपर्यंत मी मनात पोचले होते.

धक्का उन्हात पांढरा पडला होता. पाणी चढत होतं. मामंजी टोकाला बसलेले, पाठ माझ्याकडे. मी हाक मारणार तोच त्यांनी दोराला झटका दिला, दोर ताणला आणि मग सैल पडला. गरी खडकात अडकून तुटली होती. आता वळतील, डबी शोधतील, नाही म्हणून कपाळाला हात लावतील, आणि मग मी पुढे होईन. अगदी वेळेवर आले होते मी.

त्यांनी डबी शोधली नाही. टोपी काढली. टोपीच्या काठात आतून दोन-तीन गऱ्या खोचलेल्या होत्या. त्यांतली एक घेतली, तंगुसाचं टोक दाताने सारखं केलं, आणि बांधायला लागले. चष्मा खिशात होता. नजर हातांकडे नव्हतीच, ती पाण्यावर, बाहेर निघालेल्या एका होडीवर होती. बोटं आपली चालली होती. नेढ्यातून तंगूस एका फटक्यात गेला. फेरे पडले. गाठ तोंडाला लावली, ओली केली, ओढली, टोक तोडलं आणि दोर परत पाण्यात. मला एका गरीला जेवढा वेळ लागतो त्याच्या पाव वेळात.

मी तिथेच उभी राहिले. हातात वर्तमानपत्राचा कपटा.

जन्म बोटीवर काढलेला माणूस. दोर, गाठी, फास यांत आयुष्य गेलेला. त्याला गरीची गाठ मारायला नेढं दिसावं लागतं, यावर मी इतकी वर्षं विश्वास ठेवला होता. मला इतकं फसल्यासारखं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. धाकटीने माझं काहीच घेतलं नव्हतं. घ्यायला काही नव्हतंच.

"मामंजी," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या कपट्याकडे बघितलं. दचकले वगैरे नाहीत. "बस," म्हणाले, आणि बाजूला सरकले.

मी बसले नाही. "तुम्हाला येतं बांधायला."

"तर! नाय येणार?"

"मग मला कशाला बसवत होतात इतकी वर्षं?"

त्यांनी दोर बोटावर घेऊन जरा वर-खाली केला. "तू आलीस आणि तुझा बापूस गेला," ते म्हणाले. "मग तू बोलायचीच नाय. भांडी घास, भाकऱ्या कर, की परत गप. ही म्हणायची, सून मुकी मिळाली काय? मी म्हटलं, गरवणाऱ्याची पोर हाय, हातात गरी दिली तर बोलेल. बोललीस."

मला तो पहिला दिवस आठवला. मी गाठ ओली करताना रडले होते आणि ते समुद्राकडे बघत कुठल्याशा बंदरातल्या मोठ्या केळ्यांचं वर्णन करत बसले होते. मला तेव्हा वाटलं होतं, यांना दिसत नाही ते बरं आहे.

"आणि 'तुझ्या गाठीचा हाय' म्हणायचात ते?"

"तुझी गाठ चांगली हाय आता."

"आता?"

ते हसले. "पयल्या वर्षी तुझ्या डोळ्यांत पाणी, गाठ कशी बसणार? सुटायचे मासे. मी टोपीतली लावायचो."

म्हणजे पहिल्या वर्षी ज्या वाक्यांवर मी आठवडे काढले, ते मासे टोपीतल्या गऱ्यांचे होते. मला हसू येईना आणि रडूही येईना. मी त्यांच्या शेजारी बसले.

"तिच्या पण सुटतात," ते म्हणाले. "यंत्राच्या. परवा ही एवढी पालू गेली. तिला बोलू नको हां."

"ती कुठे मुकी आहे? सारखी तर बडबडत असते."

"कुणाशी?" त्यांनी विचारलं.

मी हातातला कपटा आणखी घट्ट गुंडाळला.

"पार्सलवाल्याशी बोलते," ते म्हणाले. "तो पण दोन मिनिटांत जातो. नवरा बोटीवर, रेंज असली तर फोन. तुमची सासू जपाला. आणि तू..." दोराला काहीतरी लागलं होतं, किंवा लागल्यासारखं त्यांनी केलं. "खोका उघडला की चार माणसं जमतात तिच्याभोवती. म्हणून मागवते काय काय. मला ते हूक हवे होते काय गो? पण 'वा वा' म्हटलं."

चारजण जमतात असं ते म्हणाले, पण खरं म्हणजे तिला धरून तीनच जमतात. चौथी गॅसकडे तोंड करून आमटी ढवळत असते.

मी माझ्या चार गऱ्या त्यांना दिल्या. त्यांनी कपटा उघडून एकेक गाठ नखाने तपासली आणि सगळ्या टोपीच्या काठात खोचल्या, त्यांच्या स्वतःच्या शेजारी. येताना रस्ताभर मला ती टोपी दिसत होती.

आता कुणाला वाटेल की घरी येऊन मी धाकटीला मिठी मारली. तसलं काही नाही. मला सगळं कळलं होतं आणि तरीही मी जळत होते, उलट जास्तच. आधी मला वाटत होतं की तिने माझं काम घेतलं. आता कळलं की तिला माझ्या वाट्याची माया मिळते आहे, तीच्या तीच, त्याच पडवीत, त्याच कॅप्टनसकट. आणि कामासाठी भांडता आलं असतं, यासाठी कशी भांडणार?

दुपारी मामंजी आले ते दोन शिंगाळे घेऊन. मासे माझ्यापुढे ठेवले आणि वर मोठ्याने म्हणाले, "धाकटीच्या गाठीचे हायत!" धाकटी चहा गाळत होती, तिचा चेहरा असा उजळला की मला माझाच चेहरा आठवला. 'टोपीतल्या गरीचे' हे माझ्या जिभेच्या टोकावर होतं, पण नाही बोलले.

मग फाटकाशी मोटरसायकल वाजली. ती गेली, खोका घेऊन आली. सासूबाईंना झोप लागली होती, मामंजी अंघोळीला. ओट्यावर ती एकटीच कात्री चालवत होती. चिकटपट्टी फाटण्याचा तो आवाज एरवी माझ्या डोक्यात जातो. मी गॅस बारीक केला आणि वळले.

"काय गो मागवलंस?"

तिने इतक्या चटकन वर बघितलं की मला लाज वाटली. दोन वर्षांत मी हे विचारलं नव्हतं. "सिंकची जाळी आहे, ताई," ती म्हणाली. "खवलं अडकून पाणी तुंबतं ना, तुम्ही मग हाताने काढता. म्हणून." मग ती त्या पंचवीस रुपयांच्या वस्तूबद्दल कितीतरी वेळ बोलत राहिली, स्टीलची आहे, गंजणार नाही, दुसरी एक होती पण तिचं भोक मोठं होतं. मी ऐकलं. जाळी बरी होती, ते कबूल करते.

संध्याकाळी मी शिंगाळे कापायला घेतले. विळी मांडली, पाटावर बसले. ती शेजारी लसूण सोलत होती. तेवढ्यात पडवीतून हाक आली, "कोण हाय गो आत?"

ती उठली नाही. माझ्याकडे बघत राहिली. कदाचित दुपारी मी तिच्याशी बोलले म्हणून, कदाचित तिलाही इतके दिवस काही कळत असेल. यंत्र तिच्या गाऊनच्या खिशात होतं, पण तिने हात लावला नाही. मी म्हटलं असतं 'थांब, मी जाते', तर ती थांबली असती. हाक मलाही होती.

"जा," मी म्हटलं. "तुला बोलावतायत."

ती गेली. मी उठून फ्रिजवरचा हातमोजा काढला, वरची बिलं झटकली आणि हातात चढवला. मापाला अगदी बरोबर होता. माझ्या हाताचं माप तिने कधी घेतलं कोण जाणे. बाहेर यंत्र गरागरा फिरल्याचा आवाज आला, मग त्यांचं काहीतरी सुरू झालं, आणि ती हसली. कॅप्टनची गोष्ट चालली होती.

मला राहवलं नाही. मी आतूनच ओरडले, "गाठ तोंडात धर आधी! थुंकी लाव! कोरडी ओढू नको!"

मग तिचा आवाज आला, "अशी, ताई?" तोंडात तंगूस धरून बोलल्यामुळे बोबडा.

"हळू ओढ!"

"ऐकलंस काय," मामंजी तिला म्हणत होते, "तिच्या बापसाची गाठ हाय ती. नीट शीक."

मी विळीवर शिंगाळ्याचं डोकं धरलं आणि गरजेपेक्षा बरंच जोरात छाटलं. काटा हातमोज्याला लागला, पण आत काही पोचलं नाही.